बॉडी एक, इंजिन वेगळं : हिरव्या शेवाळाच्या नावांचा आणि डीएनएच्या ठशांचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पिंपरीत बोलायचं आहे, तर सुरुवात पिंपरीपासूनच करतो. आपल्या गावाच्या नावाचा एक सूक्ष्मजीव आहे, हे इथे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. दोन... तीन. बरं. त्यातले दोघे तरी हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झालेले दिसतात!

१९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन बनवणं हे मुख्य काम. पण तिथे संशोधनाचा एक विभाग होता, आणि त्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार नावाचे मोठे कवकशास्त्रज्ञ होते. या मंडळींनी मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस जातीचा जिवाणू वेगळा केला आणि त्याला नाव दिलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. त्याच्यापासून १९६१च्या सुमारास बुरशीवर चालणारं 'हॅमायसिन' हे औषध निघालं. नावातली पहिली दोन अक्षरं कुठून आली ते सांगायला नको. त्याच जिवाणूतून सापडलेल्या एका रसायनाचं नाव आहे 'पिंप्रिनिन'. जगाच्या रसायनशास्त्रात आजही ते याच नावाने ओळखलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, व्याख्यान हिरव्या शेवाळावर आणि हे गृहस्थ जिवाणूवर बोलतायत. थोडं थांबा. जिवाणू आणि शेवाळ ही दोन पूर्ण वेगळी घराणी आहेत, पण दोघांच्या नावांचा घोळ एकाच प्रकारचा आहे. १९४५ नंतर जगभरच्या औषध कंपन्या माती उकरत सुटल्या. नवं औषध मिळालं की पेटंट हवं, आणि पेटंटसाठी जीव नवा असला तर बरं. मग वसाहतीचा रंग जरा वेगळा दिसला की नवी जात! अशा स्ट्रेप्टोमायसिसच्या नावांची संख्या तीन हजारांच्या आसपास गेली. शेवटी १९६०च्या दशकात एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प काढून साडेचारशेच्या आसपास मूळ वाण एकाच पद्धतीने पुन्हा तपासावे लागले. 'हा आणि तो वेगळा कशावरून?' या प्रश्नाला तेव्हा तरी डोळ्यापलीकडे फारसा आधार नव्हता. हाच प्रश्न हिरव्या शेवाळाच्या बाबतीत कसा पडला आणि कसा थोडाफार सुटला, ती आजची गोष्ट.

एक खुलासा आधी. पवनेवर आणि इंद्रायणीवर उन्हाळ्यात जो हिरवा गालिचा पसरतो आणि ज्याचे फोटो पेपरात येतात, ते शेवाळ नव्हे. ती जलपर्णी. तिला मुळं, पानं, जांभळी फुलं असतात. शेवाळ म्हणजे घाटाच्या पायरीवर जे घसरवतं ते, गच्चीतल्या टाकीच्या कडेला धरतं ते, चाकणच्या कारखान्यांत कूलिंग टॉवरच्या फळ्यांवर चढतं ते. त्यातही सगळं 'हरित शैवाल' नसतं, काही निळं-हिरवं असतं, ते खरं तर जिवाणूंच्या कुळातलं. आपण बोलणार आहोत ते खऱ्या हिरव्या शैवालाबद्दल, आणि त्यातल्याही एका पेशीच्या जिवांबद्दल. त्यांच्यात दिसायला काही नसतंच. एक हिरवा गोळा, बस्स.

त्या गोळ्याला पहिल्यांदा नीट पकडलं ते हॉलंडमध्ये, डेल्फ्ट गावात. मार्टिनस बायरिंक हा माणूस तेव्हा विद्यापीठात नव्हता, कारखान्यात नोकरीला होता. यीस्ट आणि मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे त्याने १८८९ साली पाण्यातली एक हिरवी पेशी इतर सगळ्या जंतूंपासून सोडवून शुद्ध वाढवली. १८९० मध्ये तिचं वर्णन छापलं आणि नाव ठेवलं 'क्लोरेला व्हल्गारिस'. क्लोरेला म्हणजे चिमुकली हिरवी, व्हल्गारिस म्हणजे सर्वसामान्य, गल्लीबोळात सापडणारी. जाता जाता सांगतो, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हॉलंड व्यापलेलं असताना डेल्फ्टच्या याच कारखान्यात चोरून पेनिसिलिन बनवलं गेलं. त्यामुळे पिंपरीचं आणि डेल्फ्टचं थोडं सोयरेपण लागतं असं मला नेहमी वाटतं.

बायरिंकचं मोठेपण असं, की त्याने नुसतं चित्र ठेवलं नाही, जीव ठेवला. ती क्लोरेला एका नळीतून दुसऱ्या नळीत, एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. प्रागमध्ये अर्न्स्ट प्रिंग्सहाइम नावाचे प्राध्यापक शैवालांचे जिवंत वाण जमवत होते. ते ज्यू होते. नाझी आले तेव्हा त्यांना इंग्लंडला पळावं लागलं, आणि ते वाण त्यांच्याबरोबर गेले. पुढे १९५०च्या दशकात ते जर्मनीत ग्यॉटिंगेनला परतले आणि तिथला संग्रह उभा राहिला. बायरिंकच्या क्लोरेलाचा वंश आजही तिथे २११-११बी या क्रमांकाने जिवंत आहे. म्हणजे १८८९ सालच्या पेशीची नातवंडं-पतवंडं आज मागवता येतात. हे लक्षात ठेवा, शेवटी याचा उपयोग आहे.

आता घोळ. क्लोरेलाची पेशी साधारण २ ते १० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी लहान. गोल किंवा लंबगोल. आत वाटीसारखं हरितलवक. तिला शेपूट नाही, काटा नाही, आणि मुख्य म्हणजे तिचं लग्नही नाही. नर-मादी पेशींचं मीलन क्लोरेलात कोणी पाहिलेलं नाही. ती आपली आतल्या आत दोन, चार, आठ तुकडे करते आणि फुटते. स्पायरोगायरा किंवा ईडोगोनियमसारख्या तंतूंच्या शैवालात निदान बीजाणू तरी ओळखीला येतो. इथे तोही नाही. तरीही पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत क्लोरेलाच्या शंभराहून जास्त जाती वर्णन झाल्या. कोणाची पेशी जरा मोठी, कोणाचं हरितलवक जरा वेगळ्या आकाराचं. त्यातलं एक नाव १९०३ सालचं आहे, 'क्लोरेला पायरेनॉइडोसा'. ते दिलं हॅरिएट चिक या बाईंनी, आणि ती क्लोरेला त्यांना मिळाली होती घाण पाण्यात. या बाई पुढे मुडदूस आणि जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नावाजल्या आणि १०२ वर्षं जगल्या.

हे नाव फार चाललं. प्रकाशसंश्लेषण शिकायचं तर क्लोरेला घ्यायची, असा शिरस्ता ओटो वारबुर्गने १९१९च्या सुमारास पाडला. मेल्विन कॅल्विनला १९६१ साली नोबेल मिळालं त्या कामातही क्लोरेला होतीच. प्रयोगशाळा प्रयोगशाळेला नळी पाठवायची, वर चिठ्ठी 'पायरेनॉइडोसा'. पुढे तपासलं तेव्हा या एकाच चिठ्ठीखाली निरनिराळ्या जाती, इतकंच काय, दुसऱ्याच वंशातली शैवालंही निघाली. म्हणजे एका देशातला आकडा दुसऱ्या देशातल्या आकड्याशी जुळत नसे, तेव्हा कधी कधी चूक मोजणाऱ्याची नसायची. जीवच वेगळा असायचा.

आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे याच काळात मोठं काम झालं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेने शैवालांवर ग्रंथांची एक मालाच काढली. झिग्नेमेसी कुळावर १९५९ मध्ये एम. एस. रंधावा यांचा ग्रंथ आला. हे रंधावा आयसीएस अधिकारी, फाळणीच्या वेळी दिल्लीचे डेप्युटी कमिशनर! निर्वासितांच्या छावण्या सांभाळणारा माणूस स्पायरोगायराचे बीजाणू मोजत होता. क्लोरोकोकेलीज या गणावर, म्हणजे ज्यात तेव्हा क्लोरेला आणि सीनेडेस्मस येत त्यावर, १९६७ मध्ये एम. टी. फिलिपोस यांचा ग्रंथ आला. ईडोगोनियमच्या गणावर १९८१ मध्ये ई. ए. गोन्साल्विस यांचा. गोन्साल्विस आणि जोशी यांनी त्याआधी १९४६ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वांद्र्याच्या एका तळ्यातल्या शैवालांचं ऋतुचक्र छापलं होतं. कोल्हापूरच्या शैवालांवर एन. डी. कामत यांचा जवळजवळ शंभर पानांचा निबंध १९६३ मध्ये परदेशी नियतकालिकात आला. ही सगळी माणसं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, हाताने रेघा ओढून काम करणारी. आम्ही विद्यार्थी असताना फिलिपोसच्या ग्रंथाची झेरॉक्स हातोहात फिरायची. पवनेचं पाणी बाटलीत आणायचं, थेंब काचेवर ठेवायचा, आणि चित्राशी जुळतंय का बघायचं. जुळलं की वहीत नाव. मीही अशी पानंच्या पानं भरली आहेत. आज त्यातल्या किती नावांवर सही करीन? फार थोड्या.

कारण सांगतो. सीनेडेस्मस घ्या. दोन, चार किंवा आठ पेशी एका ओळीत चिकटलेल्या, जणू कंगवा. काहींच्या टोकांना काटे. पेशी किती, काटे किती आणि कुठे, यावर जाती ठरत. अमेरिकेत फ्रान्सिस ट्रेनर यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं की एकच सीनेडेस्मस पाणी बदललं की रूप बदलतो. कधी एकेकटी पेशी, कधी कंगवा. १९९३ मध्ये त्याहून गमतीची गोष्ट पुढे आली. ज्या पाण्यात डॅफ्निया, म्हणजे शेवाळ खाणारा पाण्यातला पिसवा, राहून गेला आहे, ते पाणी गाळून घातलं तरी सीनेडेस्मस पेशी एकत्र बांधून मोठ्या वसाहती करतो. शत्रूचा वास आला की हातात हात! असंच मायक्रॅक्टिनियम नावाच्या शैवालाचं. त्याला लांब काटे असतात, पण नळीत एकटं वाढवलं की ते काटे टाकतं आणि हुबेहूब क्लोरेलासारखं दिसायला लागतं. आता सांगा, चित्रावरून नाव कसं द्यायचं? चित्र खोटं नव्हतं. ते त्या दिवसाचं, त्या पाण्याचं चित्र होतं.

पहिला उपाय रसायनाचा निघाला. १९५३ साली टेक्सासमध्ये सोरोकिन आणि मायर्स यांना अशी क्लोरेला मिळाली जी ३९ अंशांवर सर्वांत जोमाने वाढते. साधी व्हल्गारिस एवढ्या उन्हात टिकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी सारख्याच. १९६५ मध्ये शिहिरा आणि क्राउस यांनी ४१ वाण तपासून तिला 'क्लोरेला सोरोकिनियाना' नाव दिलं. मग जर्मनीत एर्लांगनला एरिक केसलर यांनी या पद्धतीचं शास्त्रच केलं. किती मीठ सोसते, किती आम्ल सोसते, कुठल्या तापमानाला थांबते, जिलेटिन विरघळवते का, हायड्रोजनेज आहे का. प्रत्येक वाणाची अशी परीक्षा. थोडक्यात, तोंडावरून नाही तर वागण्यावरून ओळखायचं.

आणि मग त्यांनी डीएनएला हात घातला. सुरुवातीला वाचता येत नव्हता, पण त्यात जी आणि सी या दोन अक्षरांचं प्रमाण किती हे मोजता येत होतं. निष्कर्ष धक्कादायक होता. क्लोरेला म्हणवणाऱ्या वाणांत हे प्रमाण काहींत ४५ टक्क्यांच्या आसपास तर काहींत ७० टक्क्यांच्याही पुढे. एका वंशात एवढा फरक बसूच शकत नाही. इथे बसलेले बरेच जण गाड्यांच्या कारखान्यातले आहेत म्हणून असं सांगतो: बॉडी एक, रंग एक, पण बॉनेट उघडलं तर एकात डिझेल इंजिन, एकात पेट्रोल, आणि एकात तर शिवणयंत्राची मोटर. हिरवा गोळा हा आकार निसर्गाने पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या घराण्यांत तयार केला होता. आपण आकाराला घराणं समजलो.

आता 'ठसे' या शब्दाकडे येऊ. १० सप्टेंबर १९८४ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टरला अॅलेक जेफ्रीज यांनी एका क्ष-किरण फिल्मवर माणसांच्या डीएनएच्या पट्ट्या पाहिल्या आणि प्रत्येकाच्या पट्ट्या निराळ्या असतात हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबीत डॉ. लालजी सिंह यांनी १९८८च्या सुमारास स्वतःची पद्धत बसवली. त्यांचा शोधक तुकडा मण्यारीच्या डीएनएवरच्या कामातून आलेला. लोकांना आठवतात ते कोर्टातले खटले. पण पुण्यात हे तंत्र आलं ते शेतीच्या वाटेने. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, डॉ. प्रभाकर रांजेकर यांच्या गटाने १९९०च्या दशकात भाताच्या वाणांचे डीएनए ठसे काढले. जिवंत वस्तूच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन वाणांना पट्ट्यांवरून वेगळं करायचं, हे काम तेव्हा इथून तासाभराच्या अंतरावर चालू होतं.

पट्ट्या कशा येतात? विशिष्ट अक्षरक्रम दिसला की तिथेच डीएनए कापणारी विकरं असतात. कात्रीच म्हणा. त्या कात्रीने सगळा डीएनए कापायचा, तुकड्यांच्या टोकांना छोटे जोड लावायचे, त्यातल्या निवडक तुकड्यांच्या पीसीआरने लाखो प्रती काढायच्या आणि जेलमधून वीज सोडून लांबीप्रमाणे ओळीत लावायच्या. ही एएफएलपी पद्धत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, पुन्हा हॉलंडमधूनच. त्याआधी १९९० पासून रॅपड नावाची सोपी पद्धत होती, पण तिचं दुखणं असं की आज आलेल्या पट्ट्या उद्या येतीलच याचा भरवसा नाही. २००५ मध्ये ग्यॉटिंगेनच्या लोकांनी क्लोरेला व्हल्गारिस म्हणून निरनिराळ्या संग्रहांत ठेवलेले वाण एएफएलपीने तपासले, आणि सोबत आयटीएस नावाच्या डीएनएच्या भागाचं वाचनही केलं.

या दोन पद्धतींतला फरक महत्त्वाचा आहे. परत गाडीकडे या. चॅसिस नंबर आणि मॉडेलचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी. एएफएलपीचा ठसा म्हणजे चॅसिस नंबर. एकाच मॉडेलच्या दोन गाड्याही त्याने वेगळ्या ओळखता येतात. आयटीएस म्हणजे मॉडेल. चॅसिस नंबरवरून 'ही दुसरी गाडी आहे' एवढं कळतं, 'हे दुसरं मॉडेल आहे' असं ठरवता येत नाही. म्हणून नुसत्या पट्ट्या वेगळ्या आल्या की नवी जात जाहीर करणं म्हणजे पुन्हा जुन्याच चुकीकडे जाणं. आणखी एक अडचण. एएफएलपीची कात्री आंधळी असते. नळीत शेवाळाबरोबर जिवाणू असतील तर त्यांचाही डीएनए कापला जातो आणि त्यांच्याही पट्ट्या उमटतात. म्हणजे बायरिंकने १८८९ मध्ये घेतलेले शुद्ध वाढवण्याचे कष्ट या यंत्रयुगातही चुकत नाहीत.

मग जात कुठे बदलते हे कसं ठरवायचं, विशेषतः जे लग्नच करत नाहीत त्यांच्यात? अमेरिकेतल्या अॅनेट कोलमन यांनी याची वाट दाखवली. पँडोरायना नावाचं एक हिरवं शैवाल आहे, त्यात मीलन होतं. दिसायला सगळे वाण सारखे, पण काही आपसात जुळतात, काही कधीच जुळत नाहीत. कोलमन यांनी अशा गटांचा आयटीएस-२ वाचला. हा भाग आरएनएच्या रूपात स्वतःवर दुमडतो, समोरासमोरची अक्षरं शर्टाची बटणं-काजं लागावीत तशी जोडली जातात. एका बाजूचं बटण बदललं आणि समोरचं काजंही त्याला साजेसं बदललं, तर असा दुहेरी बदल सहज होत नाही, त्याला काळ लागतो. या घडीच्या ठरावीक, फारशा न बदलणाऱ्या भागात असा दुहेरी बदल असेल तर ते दोन वाण आपसात जुळत नाहीत, असं त्यांना आढळलं. उलट बाजूने हा नियम तितका पक्का नाही, यावर तज्ज्ञांत वादही आहेत. पण क्लोरेलासारख्या जिवाला जात ठरवायला निदान एक मोजपट्टी मिळाली.

निकाल काय लागला? १९९९ मध्ये केसलरच्याच परंपरेतले फोल्कर हुस आणि सहकारी यांनी क्लोरेलाचा हिशेब मांडला. शंभराहून जास्त जातींच्या त्या गोतावळ्यात खऱ्या क्लोरेला म्हणाव्यात अशा उरल्या चार. २००४ मध्ये त्यातलीही एक 'पॅराक्लोरेला' या नव्या वंशात गेली आणि तीन उरल्या: व्हल्गारिस, सोरोकिनियाना, लोबोफोरा. नंतर डीएनएच्याच आधारावर काही जाती नव्याने आत आल्या, त्यांतल्या काही तर काटेवाल्या आणि वसाहतीवाल्या, ज्यांना आधी कोणी क्लोरेला म्हटलंच नसतं. त्याच १९९९ मध्ये सीनेडेस्मसचेही दोन भाग झाले, काटेवाले बरेचसे 'डेस्मोडेस्मस' झाले. समुद्रातही तेच. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर हिरव्या पानासारखं उल्वा आणि नळीसारखं एंटरोमॉर्फा आपण वेगळं शिकलो. २००३ मध्ये डीएनएने सांगितलं की दोन्ही एकच वंश. लिनियसने १७५३ मध्ये दोन्हींना उल्वाच म्हटलं होतं! डीएनए नेहमी जुन्यांना खोटंच पाडतो असं नाही.

'नाव काहीही असो, आम्हाला काय?' असं कोणी तरी विचारणारच. त्याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं नदीचं. १९६९ मध्ये अमेरिकेत पामर यांनी प्रदूषण मोजायचा एक सोपा निर्देशांक काढला. पाण्यात कुठली शैवालं दिसतात ते बघायचं, प्रत्येकाला ठरलेले गुण. युग्लीना ५, सीनेडेस्मस ४, क्लोरेला ३, असे. बेरीज २० किंवा जास्त झाली तर सेंद्रिय घाण जास्त. आपल्या कॉलेजांतून पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेवर जे प्रकल्प होतात त्यांत हा निर्देशांक हटकून असतो. आता ज्या हिरव्या गोळ्याला आपण ३ गुण दिले, तो खरी क्लोरेला होता, पॅराक्लोरेला होता, की काटे टाकलेला मायक्रॅक्टिनियम? पाणी घाण आहे हे सांगायला निर्देशांक लागत नाही, नाक पुरेसं आहे. पण दहा वर्षांनी ते सुधारलं की बिघडलं हे सांगायचं असेल, तर दोन्ही वेळा एकाच जिवाला एकच नाव दिलेलं असायला हवं.

दुसरं उत्तर गोठ्यातलं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. क्लोरेलाच्या सख्ख्या घराण्यात एक जीव आहे, प्रोटोथिका. याने हिरवा रंगच टाकून दिला आहे. कूळ शेवाळाचं, पण पांढरा, आयत्या अन्नावर जगणारा. १८९४ मध्ये जर्मनीत क्र्यूगर यांना तो झाडाच्या चिकात मिळाला. १९५२ मध्ये गाईच्या कासदाहात तो सापडल्याची पहिली नोंद झाली. आपल्याकडे गावात ज्याला 'दगडी' म्हणतात तो कासदाह. १९६४ मध्ये माणसातली पहिली नोंद आली, सिएरा लिओनमधल्या भात लावणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पायावर. भातखाचरात अनवाणी उभं राहणाऱ्यांनी ऐकून ठेवावी अशी गोष्ट.

कासदाह बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालतं. पण प्रोटोथिका जिवाणू नाही. ज्या पेनिसिलिनसाठी पिंपरीचं नाव झालं ते जिवाणूच्या भिंतीवर काम करतं, ते इथे उपयोगाचं नाही. माणसात अॅम्फोटेरिसिन-बी वापरतात, म्हणजे आपल्या हॅमायसिनच्याच घराण्यातलं औषध. गाईच्या कासेत खात्रीचा इलाज नाही, म्हणून बाधित जनावर कळपातून वेगळं काढावं लागतं. खेड-आंबेगावच्या दुधाच्या पट्ट्यात ज्याच्याकडे तीनच गाई आहेत त्याला 'एक काढून टाक' म्हणणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आणि घोळ बघा. हा जीव 'प्रोटोथिका झोफी' या एकाच नावाने ओळखला जायचा. शेणात, चिखलात, गोठ्याच्या पाण्यात झोफी. आजारी कासेत झोफी. मग गोठ्यात सापडला म्हणून घाबरायचं का? डीएनएने दाखवलं की या एका नावाखाली वेगवेगळे प्रकार लपले होते. एक मुख्यतः परिसरात राहणारा, दुसरा कासदाह करणारा. २००६ मध्ये त्यातला तिसरा प्रकार 'ब्लाश्किए' म्हणून वेगळा झाला. २०१८ मध्ये वॉर्साच्या टोमाश यागिएल्स्की यांच्या गटाने सायटोक्रोम-बी या एकाच जनुकावर कात्री चालवून पट्ट्या पाहायची पद्धत दिली, म्हणजे अगदी साधा ठसा, साधी पीसीआर असलेल्या प्रयोगशाळेत होण्यासारखा. २०१९ मध्ये उरलेले दोन प्रकार नावानेही वेगळे झाले: परिसरातला 'सिफेरी' आणि गाईचा 'बोव्हिस'. सूक्ष्मदर्शकाखाली यांना वेगळं करणं भरवशाचं नाही. चाकणच्या बाजारात गाय विकत घेताना आपण दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो. हा जीव तिथे दिसणारच नाही. पण दुधाचा नमुना तपासणाऱ्याने 'प्रोटोथिका आहे' एवढ्यावर न थांबता 'कुठला?' हे विचारलं, तर एखादी गाय वाचू शकते, किंवा एखादा गोठा.

वेळ होत आला. वांद्र्याच्या तळ्याकडे एकदा वळतो. १९४६ च्या त्या निबंधात, कामतांच्या कोल्हापूरच्या यादीत, फिलिपोसच्या ग्रंथात जी नावं आहेत, ती आज डीएनएने पडताळायची म्हटलं तर कागदावरच्या रेघेतून डीएनए निघत नाही. मूळ जागी जाऊन पुन्हा गोळा करावं लागतं. काही तळी बुजली, काहींचं पाणी ओळखू न येण्याइतकं बदललं. म्हणून नदीवर प्रकल्प करणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो: यादी करा, चित्र काढा, पण नमुन्याचा एक भाग डीएनएसाठी मद्यार्कात घालून ठेवा, आणि जमलं तर एक वाण जिवंत ठेवा. तारीख, घाट, पाण्याचं तापमान बाटलीवर लिहा. पेन्सिलीने. मार्कर मद्यार्कात पुसला जातो, हे मी माझ्या खर्चाने शिकलोय.

एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: माझी सून क्लोरेलाच्या हिरव्या गोळ्या आणते. डबीवर 'क्लोरेला पायरेनॉइडोसा' लिहिलंय. म्हणजे आम्ही काय खातोय?)

बघा काकू, चिक बाईंचं १९०३ चं नाव तुमच्या डबीवर पोचलं! ते नाव वर्गीकरणाच्या पुस्तकातून केव्हाच बाद झालंय, पण व्यापारात टिकून आहे. त्या नावाने विकलेलं बरंचसं बहुधा सोरोकिनियाना किंवा व्हल्गारिस असणार, पण डबीवरून ते ठरवता येत नाही. गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही, आणि तिने काय बरं होतं हे सांगायला मी डॉक्टरही नाही. सूनबाईंना सांगा, कंपनीला एक ओळ लिहून विचारा की वाणाचा क्रमांक काय आणि ओळख कशावरून पटवली. उत्तर आलं तर मलाही दाखवा.